पाणी पिण्याची जागा

शेख मुक्बिल जिना चढून काझींच्या वरच्या बैठकीत आला तेव्हा त्याच्याजवळ दोन जंबिये, वाकड्या पात्याचे खंजीर, होते. एक त्याचा स्वतःचा, कमरेला. दुसरा काझी मुतह्हरांचा, फडक्यात गुंडाळून काखेत धरलेला. काझी दाराशी उभे होते आणि त्यांच्या पट्ट्यातलं म्यान रिकामं होतं. आम्ही सगळे उठलो. शेखने सलाम केला, सलाम घेतला, आणि काझींनी स्वतः पुढे केलेला पाण्याचा वाडगा हाताच्या पाठीने बाजूला सारला.

तिथेच आमचे चेहरे पडले. रक्ताचं प्रकरण मिटलेलं नसताना आमच्याकडे कुणी समोरच्याच्या घरचं पाणी पीत नाही. एकदा प्यायलं की बदल्याचा हक्क संपला, मग भाऊबंदांनी कितीही आरडाओरडा केला तरी उपयोग नाही. शेख ते पाणी पिणार नाही हे आम्हाला माहीत होतं, तरी मन वेडं असतं.

प्रकरण असं होतं. काझींचा मुलगा शरफ जीप चालवायचा. सना शहराहून खाली उतरणाऱ्या घाटात एका वळणावर त्याच्या जीपखाली शेखचा थोरला मुलगा हादी सापडला आणि गेला. शहर म्हणत होतं अपघात. शेखची डोंगरातली माणसं म्हणत होती, मुद्दाम घातली. शरफ तुरुंगात होता. काझींनी रीतीप्रमाणे आपला जंबिया शेखकडे पाठवून दिला; त्याचा अर्थ, आमची मान तुमच्या हातात, काय ते तुम्ही ठरवा. शेखने बरेच दिवस काही कळवलं नाही. मग निरोप आला की शुक्रवारी दुपारी तुमच्या बैठकीत येतो, उठताना काय ते सांगेन. उठताना त्याने जंबिया काझींसमोर ठेवला तर शरफ घरी येणार होता. काखेत मारून परत नेला तर शरफ तुरुंगाच्या दारातून बाहेर पडेल त्या दिवशी मरणार होता, आणि त्याच्या आईला ते इतकं पक्कं माहीत होतं की ती त्या दुपारी जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून बसली होती, वर काय बोललं जातंय ते जिवाचे कान करून ऐकत.

बैठकीत नेहमीची मंडळी होती. तिळाच्या घाण्याचा म्हातारा हमूद, मी, आणखी चार-पाच जण. मी कुलुपं दुरुस्त करतो आणि माझं डोकं लवकर तापतं, ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. आणि लुत्फ होता. खरं तर मी लुत्फबद्दलच सांगायला बसलोय. शेखला थोडा वेळ बसू दे.

लुत्फ बेदाण्यांच्या बाजारात बसायचा. दुकान सासऱ्याचं, तराजू सासऱ्याचा, आणि धंदा सांभाळायची ती त्याची बायको, मागच्या पडद्याआडून. "अहो, तो काळे मागतोय, तुम्ही हिरवे घालताय," असा तिचा आवाज दिवसातून कितीदा तरी यायचा. लुत्फचं लक्ष दुपारकडे. दुपारची नमाज झाली की तो चघळून तरतरी आणणाऱ्या कोवळ्या पाल्याची जुडी काखेला मारून काझींच्या घराचे सगळे मजले चढून वर यायचा, खिडकीजवळच्या उशीला टेकायचा, उजव्या हाताला पाण्याचा वाडगा ठेवायचा आणि कोनाड्यातलं पुस्तक मांडीवर घ्यायचा. आम्ही पाला खुडून गालात भरत बसायचो आणि तो वाचायचा. एरवी हा माणूस बोलायला लागला की घशात काहीतरी अडकल्यासारखा बोलायचा. पण वाचताना आवाज खाली उतरायचा, भरायचा, आणि खोलीच्या शेवटच्या उशीपर्यंत जायचा.

पुस्तकं काझींच्या घराण्याची, हाताने लिहिलेली. घराबाहेर जायची नाहीत अशी काझींच्या आजोबांची अट होती. पण लुत्फला ती घरी न्यायचीच नव्हती. "एकट्याने वाचणं म्हणजे एकट्याने जेवणं," तो म्हणायचा. "पोट भरतं. पण छान झालंय म्हणायचं कुणाला?"

त्याचा एक क्रम होता. पाला ताजा असतो, माणसं गप्पांत असतात, तेव्हा प्रवासाचं पुस्तक. पाला चढला, डोकी तापली, की इतिहास. ऊन उतरलं की कविता, आणि मग सूर्य बुडायच्या आधीची ती वेळ, जिला आम्ही सुलेमानची घटका म्हणतो, तेव्हा काहीच नाही. त्या घटकेला बैठकीत कुणी बोलत नाही. प्रत्येक जण आपापल्या आत उतरलेला असतो. पुस्तक ओळीच्या मध्ये असलं तरी लुत्फ थांबायचा.

प्रवासाचं पुस्तक कुणा एडनच्या व्यापाऱ्याच्या कारकुनाचं होतं. मालकाने त्याला मिरी आणायला हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर धाडलेलं, आणि त्याला तिथलं काही म्हणजे काही आवडलं नाही. जहाजाचा नाखवा चोर, भात चिकट, डास घोड्याएवढे. चौल बंदरात उतरला तर काय बघतो, सगळं गाव रक्त ओकतंय. बायका, म्हातारे, दुकानदार, सगळ्यांची तोंडं लाल. तो घाबरून परत होडीत चढला. मग कुणीतरी समजावलं की ही माणसं एक पान चावतात आणि दिवसभर थुंकतात. "असलं खुळं व्यसन मी जगात पाहिलं नाही," असं त्याने लिहिलं होतं, आणि इथे आम्ही हसून हसून आडवे पडायचो, गालात लिंबाएवढे पाल्याचे गोळे धरून. लुत्फ स्वतः एवढा हसायचा की त्याला डोळे पुसावे लागायचे.

इतिहासाची गोष्ट वेगळी. त्या पुस्तकाचं पहिलं पान वाळवीने खाल्लेलं, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. शहराला पडलेल्या एका जुन्या वेढ्याची हकिकत. मला इतिहास आवडतो कारण त्यात माझ्यापेक्षा जास्त चुकलेली माणसं भेटतात. हमूदला आवडायचा कारण त्यात भांडता येतं. वेढ्यातल्या एका सरदाराने उत्तरेच्या तटावरून बाहेर पडायला हवं होतं की नको, यावरून हमूद आणि मी एकदा महिनाभर बोलत नव्हतो. लुत्फला मात्र आवडायच्या त्या बारीकसारीक गोष्टी. लोकांनी चामड्याचे पट्टे उकडून खाल्ले, मूठभर बेदाण्यांना एक गाढव मिळे, अशी ओळ आली की तो क्षणभर डोळे मिटायचा. "मूठभर," तो म्हणायचा. "आणि माझ्याकडे माणसं चाखायला म्हणून मूठ मूठ उचलतात."

त्याला एकाच गोष्टीचा अभिमान होता. तो ओळ गाळत नसे. वेढ्यात मेलेल्यांच्या नावांची लांबलचक पानं आहेत, ती आली की हमूद घोरायला लागायचा आणि आम्ही म्हणायचो, "लुत्फभाऊ, पुढे चला आता." लुत्फ मान हलवायचा. "यांना नावाने हाक मारून किती वर्षं झाली असतील. थांबा की जरा." आणि सगळी नावं वाचायचा. बाजारात कुणी त्याच्या वजनावर शंका घेतली तर तो हसून सोडून द्यायचा, पण कुणी म्हटलं की तू मघाशी एक ओळ उडवून गेलास, तर त्याचे कान लाल व्हायचे.

आता नासिरचं सांगतो. दक्षिण दरवाजाचा रखवालदार नासिर बिन दिरहम. त्याने पहाटे अडसर काढला आणि वेढा घालणारे आत शिरले. शहराची राखरांगोळी झाली. त्याचे वंशज मग शहर सोडून डोंगरात गेले आणि शेख मुक्बिल त्यांच्यातलाच. आमच्या बैठकीत दर वर्षी ते पान यायचं, आणि त्याची एक रीत पडली होती. "नासिरने दक्षिण दरवाजाचा अडसर काढला" हे शब्द लुत्फच्या तोंडून बाहेर पडले की सगळी बैठक एकदम उसळायची. त्याचं तोंड काळं होवो, त्याच्या कबरीत विंचू राहोत. हमूद काठीने पितळेची पिकदाणी बडवायचा, काझींसारखा सभ्य माणूस उशीवर थापा मारायचा, मी तर घसा बसेपर्यंत ओरडायचो. लुत्फ तेवढ्यात पाण्याचा वाडगा उचलून सावकाश पाणी प्यायचा. गोंगाट शमला की लाल शाईच्या मथळ्यापासून पुढचं प्रकरण सुरू.

खरं सांगायचं तर त्यात मजा असायची. मेलेल्या माणसाला शिव्या घालण्यात एक सोय असते, तो घरी येत नाही.

शेखचा निरोप आला तेव्हा इतिहासाच्या पुस्तकातला खुणेचा रेशमी दोरा त्याच पानाच्या अलीकडे होता. काझींनी सकाळीच लुत्फला बोलावून घेतलं. मी कोठीचं कुलूप बघायला गेलो होतो, म्हणून ऐकलं.

"आज फक्त प्रवास आणि कविता," काझी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "ते पुस्तक कोनाड्यातून काढूसुद्धा नका."

"आणि विचारलंच त्यांनी तर सांग वाळवीने खाल्लं," मी म्हणालो.

लुत्फ म्हणाला, "मी खोटं बोलत नाही असं नाही. बेदाण्यांबद्दल रोज बोलतो. पण पुस्तकाबद्दल कसं बोलू?"

"पोराचा जीव आहे, लुत्फ," मी म्हणालो. तो वळून जिना उतरायला लागला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तर शेख बसला. फडक्यातला जंबिया त्याने मांडीशेजारी ठेवला. आपला पाला आपणच आणला होता, तो खुडत राहिला. गुडगुडीची नळी पुढे आली ती त्याने दुसऱ्याकडे सरकवली. साठीचा, रुंद हाडाचा माणूस. मुलाच्या मरणाने गाल आत गेलेले. त्याने भिंतीवरून, खिडकीवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "वाचा की. माझ्यासाठी कशाला थांबलात?"

लुत्फने चौल काढलं. रक्त ओकणारं गाव आलं. कुणी हसलं नाही. हमूदला भलत्याच ठिकाणी हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात दाबलं. लुत्फ सवयीने डोळे पुसायला थांबला आणि रोजच्या जागेपासूनच पुढे वाचायला लागला. शेख ऐकत होता, पण चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती.

प्रकरण संपलं. लुत्फने कवितांच्या वहीकडे हात नेला.

"ते नको," शेख म्हणाला. "या घरात इतिहास वाचतात असं ऐकलंय."

"आज कविता ऐकू या, शेखसाहेब," काझी म्हणाले. "इतिहास आपला रोजचाच आहे."

"तुमचा रोजचा. माझा कुठे? दोरा जिथे असेल तिथून वाचू द्या." तो जराही आवाज न चढवता बोलत होता. "का पाहुण्याचं मागणं मोडायची रीत आहे शहरात?"

तेव्हा मला उमगलं. हा माणूस कारण शोधत आला होता. ते पान आम्ही गाळलं तर आम्ही भेकड, तोंडावर गोड बोलणारे. वाचून शिव्या दिल्या तर घरी बोलावून अपमान केला. दोन्हींत जंबिया काखेतच राहणार होता. आणि मग कुणी त्याला म्हणू शकलं नसतं की तू आलाच नाहीस.

लुत्फ उठला, कोनाड्यातून इतिहास काढला, दोरा बाजूला केला.

नासिरचं पान दोन पानं पुढे होतं. ऊन भिंतीवर कुठवर आलंय ते मी पाहिलं. वरच्या रंगीत काचांतून भिंतीवर पडणारा लाल तुकडा रोज कोनाड्याच्या कडेला टेकला की सुलेमानची घटका सुरू होते. तो अजून हातभर लांब होता. घटका आधी आली असती तर लुत्फला थांबावंच लागलं असतं, आणि घटका संपताना शेखला आपला निर्णय सांगून उठावं लागलं असतं. लुत्फनेही तेच पाहिलं असणार, कारण तो सावकाश वाचायला लागला. प्रत्येक शब्द तोलून. मध्ये पान झटकलं. हमूदच्याही ध्यानात आलं, त्याने खोकल्याची उबळ काढली, चांगली लांबलचक.

"काका," शेख म्हणाला, "खोकला जिन्यात जाऊन काढून या. इथे वाचन चाललंय."

हमूदचा खोकला जागच्या जागी बरा झाला.

लाल तुकडा वीतभर सरकला. लुत्फ आणखी हळू झाला. शेख त्याच्याकडे वळला. "तुमचं नाव मोठं ऐकलं होतं. आमची म्हातारी गाय याहून भरभर रवंथ करते."

लुत्फचे कान लाल झाले. तो नेहमीच्या चालीने वाचायला लागला आणि पान संपत आलं. आता उलटायचं पान नासिरचं. मी समोरच बसलो होतो. मी त्याला डोळ्यांनी सांगितलं, दोन पानं एकदम उलट. जुन्या कागदाला चिकटायची खोडच असते, कुणाला कळणार आहे? त्याच्या अंगठ्याखाली दोन्ही पानं होती, मला स्पष्ट दिसत होती. अंगठा तिथेच राहिला. जिन्यातून बांगडीचा आवाज आला. मग त्याने अंगठा किंचित उचलला, खालचं पान सुटलं, आणि त्याने एकच पान उलटलं.

त्या क्षणी तो हाताशी आला असता तर मी त्याचा गळा धरला असता, हे लपवत नाही. ओळ गाळणार नाही म्हणे. एका ओळीसाठी पोरगं मारतोय.

"आणि पहाटे," लुत्फने वाचलं, "नासिर बिन दिरहमने दक्षिण दरवाजाचा अडसर काढला."

कुणी हललं नाही. हमूदची काठी त्याच्या मांडीवर आडवी पडून होती आणि त्याने ती दोन्ही हातांनी दाबून धरली होती. शेख एकेकाचं तोंड पाहत होता. माझ्याकडेही पाहिलं. मी खाली बघितलं.

लुत्फचा हात सवयीने वाडग्याकडे गेला. तिथे पोचला आणि थांबला. इतक्या वर्षांत त्या जागी एवढी शांतता कधी नव्हती. पाण्याचा घोट घेतला असता तर त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला असता. त्याने हात मागे घेतला. नजर परत पानावर नेली, लाल शाईच्या मथळ्यावर नाही, जिथे थांबला होता तिथेच. आणि तो अडखळला. वाचताना लुत्फ अडखळलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"कारण त्याचा मुलगा," त्याने वाचलं, "बाहेरच्यांच्या हाती सापडला होता, आणि त्यांनी त्याला तटाखाली आणून बांधलं होतं, आणि तो बापाला हाका मारत होता. दरवाजा उघडला तेव्हा मुलगा मेलेला होता. नासिर पळाला नाही. तो मुलाचं डोकं मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसला, आणि घोडे त्याच्या दोन्ही बाजूंनी आत गेले. लोक त्याला शिव्या देतात आणि देत राहतील. मी त्या रात्री तटावर होतो. त्या हाका मीही ऐकल्या आणि कानांत कापूस घातला, म्हणून मी निर्दोष आहे. हाका माझ्या मुलाच्या असत्या तर अडसर कुणी काढला असता, ते अल्लाच जाणे."

मग लाल मथळा होता. लुत्फ थांबला.

लाल तुकडा कोनाड्याच्या कडेला लागला होता. सुलेमानची घटका. एरवी त्या शांततेत माणसाला बरं वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं. इतकी वर्षं मी ज्याला घसा फोडून शिव्या दिल्या तो मुलाचं डोकं मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसला होता. मला लाज वाटली. लुत्फ पानाकडे बघत होता.

घटका कुणी मोडायची नसते. शेखने मोडली.

"परत वाचा."

लुत्फने परत वाचलं, पहिल्या शब्दापासून.

"काझीसाहेब, हे पुस्तक तुमच्या घरात कधीपासून आहे?"

"आजोबांच्या वेळेपासून."

"आणि दर वर्षी वाचता?"

"दर वर्षी."

"मी लहान होतो तेव्हा वडिलांबरोबर इथल्या बाजारात आलो होतो," शेख म्हणाला. "एका म्हाताऱ्याने आमचं गाव विचारलं आणि माझ्या पायाशी थुंकला. वडील काही बोलले नाहीत. तुम्ही हे दर वर्षी वाचता आणि मला कुणी कधी सांगितलं नाही?"

हमूदच म्हणाला, काठीकडे बघत. "आम्हीच कधी ऐकलं नव्हतं, शेखसाहेब. तिथे आलो की आम्ही शिव्या द्यायचो. मी तर पिकदाणी बडवायचो. मग याचा आवाज कुठला ऐकू येतोय?"

मला वाटलं, झालं. आता हा उठणार. शेखचा हात फडक्यावर गेलाही. पण तो तिथेच राहिला.

"एक मेंढ्या राखणारी बाई माझ्याकडे आली होती," तो हळू बोलायला लागला. "घाटातली. म्हणाली, मी वरून सगळं पाहिलंय. म्हणाली, जीपवाल्या पोराने खाली उतरून... आणि माझे भाऊ ओरडायला लागले. मीही ओरडलो. ती बिचारी निघून गेली." तो काझींकडे वळला. "मुतह्हर, ती पुढे काय सांगणार होती ते तुला माहीत आहे?"

त्याने काझींना पहिल्यांदा नावाने हाक मारली होती.

"माहीत आहे," काझी म्हणाले. "शरफने सांगितलंय. पण माझ्या तोंडून तुम्हाला ते खरं कसं वाटावं?"

"सांग तू."

"तो पळाला नाही. पळता आलं असतं, जीप चालू होती. त्याने डोक्याचा फेटा सोडला, हादीच्या डोक्याखाली ठेवला आणि पोलीस येईपर्यंत तिथेच बसून राहिला. हादीने पाणी मागितलं. शरफने पाजलं."

शेखच्या गालातला पाला हलायचा थांबला. "हादी प्यायला?"

"प्यायला. दोन घोट. मग गेला."

शेखने खिडकीकडे पाहिलं. काच विझत चालली होती. खालच्या मशिदीत कुणीतरी अजानच्या आधी घसा साफ करत होतं. मग त्याने तोंडातला पाला पिकदाणीत टाकला, हाताने ओठ पुसले आणि तोच हात लुत्फकडे पसरला.

"ते पाणी इकडे द्या."

लुत्फला कळलंच नाही. मी पुढे सरकून वाडगा उचलला. देताना थोडं पाणी शेखच्या गुडघ्यावर सांडलं. त्याने वाडगा दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी प्यायला, तळापर्यंत. जिन्यातून एक हुंदका आला, आणि मग दुसरा, आणि मग शरफच्या आईने तोंडात पदर कोंबला असावा. शेखने फडकं सोडलं, जंबिया काझींच्या रिकाम्या म्यानात स्वतःच्या हाताने सरकवला आणि कुणाशी न बोलता खाली उतरला.

काझी तिथेच बसून रडले. हमूदने मला मिठी मारली, आणि उत्तरेच्या तटाचं भांडण तिथेच विसरल्याचं जाहीर केलं. आम्ही लुत्फला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. तो मात्र सुतकी चेहऱ्याने पुस्तकात दोरा ठेवत होता.

जिन्यात मी त्याला म्हणालो, "वाचवलंस रे. मी मनात तुला काय काय म्हणालो ते विचारू नकोस."

"मला माहीत नव्हत्या त्या ओळी," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे मी कधी वाचल्याच नव्हत्या. तुम्ही ओरडायचात, मी पाणी प्यायचो आणि डोळे लाल मथळ्यावर जायचे. दर वर्षी." तो पायरीवर थांबला. "मी ओळ गाळत नाही, असं सगळ्या बाजाराला सांगत फिरलो."

"मग आज पान का नाही उडवलंस?"

"सवय," तो म्हणाला. "दुसरं काय."

शरफ घरी आला. जीप त्याने परत चालवली नाही. लुत्फला मात्र त्या दिवसानंतर एक खोड लागली. प्रवासाचं पुस्तक असो की कवितांची वही, जिथे जिथे बैठक हसते, उसासे टाकते, ओरडते, तिथे तो बोट त्या ओळीवर दाबून ठेवायचा आणि सगळं शांत झाल्यावर त्याच्या लगेच पुढचं वाचायचा. वाडगा शेजारी असायचा, पण वाचताना पाणी घेणंच त्याने सोडलं. घसा कोरडा पडायचा, आवाज फाटायचा, बायको दुकानातून ओरडायची की असं वाचून मराल. पण तो ऐकत नसे.

त्या हिवाळ्यात परत चौल आलं. रक्त ओकणारं गाव, खुळं व्यसन. आम्ही हसलो, शरफही हसला. लुत्फने बोट दाबून धरलं होतं. आम्ही डोळे पुसले, तेव्हा त्याने पुढची ओळ वाचली.

"माझा धाकटा भाऊ याच गावात तापाने गेला. ते आमच्या धर्माचे नव्हते. त्या लाल तोंडाच्या माणसांनी खड्डा खणला, आणि एक म्हातारा खुणा करून मला विचारत राहिला की तुझ्या भावाचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं. मी दिशा दाखवेपर्यंत त्यांनी त्याला खाली ठेवलं नाही."

बैठकीत कुणी बोललं नाही. सुलेमानची घटका व्हायला अजून बराच वेळ होता. हमूदने गालातला पाला एका बाजूचा दुसऱ्या बाजूला केला.

"लुत्फ," तो म्हणाला, "आणखी कुठे कुठे हसलोय रे आपण?"

लुत्फने पुस्तक मिटलं, पहिल्या पानावर उघडलं, आणि पाण्याचा वाडगा माझ्याकडे सरकवला.